परतीचं तिकीट न काढलेला क्युरेटर

समजा, तुम्ही काही वर्षं राबून पीएचडीचा प्रबंध लिहिलाय. परीक्षकांसमोर कशीबशी बाजू मांडून झालीये आणि निकाल अजून हातात यायचाय. तुम्ही काय कराल? आठवडाभर झोपा काढाल, ग्रुपबरोबर गोव्याला जाल, अगदीच सिन्सिअर असाल तर नोकरीचे अर्ज भरत बसाल. १८८८ च्या एप्रिल अखेरीस नॉर्वेतल्या एका २६ वर्षांच्या पोरानं आपला प्रबंध मांडला आणि आठवड्याभराच्या आत तो घराबाहेर पडला. निघाला कुठे, तर ग्रीनलँडला. तिथला बर्फाचा प्रचंड पठारी प्रदेश या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणीही पार केलेला नव्हता. तो पायात दोन लाकडी फळ्या बांधून करायचा, असा त्याचा बेत होता.

लोकांनी वेड्यातच काढला त्याला. बर्गन शहरातल्या एका विनोदी पत्रात तर चक्क खोटी जाहिरात छापून आली. क्युरेटर नान्सेन येत्या जूनमध्ये ग्रीनलँडच्या बर्फावर स्कीइंगचे खेळ करून दाखवणार आहेत, प्रेक्षकांसाठी बर्फातल्या भेगांमध्ये राखीव जागा आहेत आणि परतीचं तिकीट काढायची गरज नाही, अशा आशयाची. आजच्या भाषेत सांगायचं तर भाऊ मीम झाला होता.

हा फ्रित्यॉफ नान्सेन. आज त्याचं नाव घेतलं की कुणी ध्रुवीय प्रवासी म्हणतं, कुणी समुद्रशास्त्रज्ञ म्हणतं, कुणाला नोबेल शांतता पुरस्कार आठवतो. पण या सगळ्याच्या आधी तो म्युझियममध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारा क्युरेटर होता, आणि स्कीचा इतिहास पहिल्यांदा नीट हुडकून लिहिणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक होता. मला त्याची ही बाजू जास्त आवडते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

त्याचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, ख्रिस्तियानियाजवळचा. ख्रिस्तियानिया म्हणजे आजचं ऑस्लो. वडील वकील, शिस्तीचे, धार्मिक. आई सरदार घराण्यातली आणि स्वतः स्की करणारी. बायकांनी स्की करणं तेव्हा काही फारसं सभ्य समजलं जात नव्हतं, पण या बाईंनी ते मनावर घेतलं नाही. घरामागे नूर्डमार्काचं जंगल. पोरगं तिथेच वाढलं. दहाएक वर्षांचा असताना मोठ्यांच्या उडीच्या उतारावरून त्यानं स्वतःला झोकून दिलं. स्की बर्फात रुतली, हा हवेत कमान करून पुढे गेला आणि कमरेपर्यंत डोक्यावर उलटा बर्फात घुसला. बघ्यांना वाटलं, मान मोडली. थोड्या वेळानं पाय हलायला लागले तेव्हा सगळ्यांना हसू फुटलं. हे बर्फातून बाहेर आलेले पाय लक्षात ठेवा, पुढे त्यांचा पुन्हा संबंध येणार आहे.

युनिव्हर्सिटीत त्यानं प्राणिशास्त्र घेतलं, आणि त्याचं कारण अगदी कॉलेजकुमाराला शोभेल असं होतं. प्राणिशास्त्र घेतलं की उघड्यावर हिंडायला मिळेल असं त्याला वाटलं. तसं मिळालंही. १८८२ मध्ये प्राध्यापकांच्या सल्ल्यानं तो सीलची शिकार करणाऱ्या जहाजावर काही महिने आर्क्टिकमध्ये जाऊन आला. जहाज बर्फात अडकलं, लांबवर ग्रीनलँडचा अज्ञात पूर्व किनारा दिसत राहिला. तिथे पाय टाकायची इच्छा तेव्हापासून डोक्यात बसली. परत आल्याबरोबर बर्गनच्या म्युझियममध्ये प्राणिविभागाचा क्युरेटर म्हणून नोकरी लागली. वय २०, पूर्ण व्हायला दीड-दोन महिने असलेलं २१ वं वर्षं, आणि अजून पदवीही धड हातात नाही.

बर्गनचं म्युझियम म्हणजे काही भुसा भरलेल्या प्राण्यांचं गोदाम नव्हतं. तिथे नान्सेनबरोबर काम करणाऱ्यांत गेरहार्ड आर्मावर हॅन्सन होते. नाव ओळखीचं वाटतंय? कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढणारे तेच हे. त्या रोगाला आज डॉक्टर हॅन्सनचा आजार म्हणतात तो त्यांच्यावरूनच. अशा माणसांच्या सहवासात नान्सेननं हातात घेतलं ते साध्या समुद्री जिवांच्या मज्जासंस्थेचं काम. मेंदूतल्या पेशी एकमेकींत वितळून एक अखंड जाळं बनवतात, असं तेव्हा बहुतेकांना वाटे. प्रत्येक पेशी स्वतंत्र असते, असं ठामपणे मांडणाऱ्या पहिल्या काही तरुणांत नान्सेन होता.

या काळातला एक किस्सा सांगायलाच हवा. एका संशोधनासाठी त्याला सुवर्णपदक मिळालं. त्यानं विनंती केली की पदक साध्या धातूचंच द्या आणि सोन्याचे पैसे रोख द्या. त्या पैशांत तो इटलीला गेला, पाव्हियाला गॉल्गी यांच्या प्रयोगशाळेत पेशींना चांदीच्या क्षारांनी रंगवायची नवी पद्धत शिकला, नेपल्सचं समुद्री संशोधन केंद्र बघून आला. शोकेसमध्ये चमकणारं सोनं की शिकायला जायचा खर्च, हा प्रश्न त्याला पडलाच नसावा.

पण आठवडाभर मायक्रोस्कोप आणि रविवारी डोंगर, असं त्याचं दुहेरी आयुष्य होतं. बर्गन पावसाचं गाव, तिथे स्कीचं फार वेड नव्हतं. १८८४ च्या हिवाळ्यात राजधानीत स्कीची स्पर्धा होती. नान्सेन बर्गनहून ख्रिस्तियानियाला गेला तो मधले डोंगर स्कीवरून ओलांडत, आणि स्पर्धा झाल्यावर परत आलाही तसाच. भर हिवाळ्यात, एकटा, सोबतीला कुत्रा. वाटेतल्या खेड्यांतल्या लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा परत फिरायला सांगितलं होतं.

ग्रीनलँडची कल्पना त्याला सुचली त्याला एक बातमी कारण झाली. १८८३ च्या शरद ऋतूत स्वीडनचे प्रसिद्ध प्रवासी नूर्डेनशोल्ड ग्रीनलँडच्या आतल्या भागातून परत आले. ते स्वतः फार आत जाऊ शकले नव्हते, पण त्यांच्याबरोबरचे दोन सामी स्कीवरून खूप आत, दोनशेहून जास्त किलोमीटर, जाऊन आले होते. सामी म्हणजे उत्तर नॉर्वे-स्वीडनचे रेनडिअर पाळणारे मूळ रहिवासी. कुणाचा विश्वासच बसेना. दोन अडाणी मेंढपाळ थापा मारतायत, असं शहाण्यांचं मत पडलं. मग नूर्डेनशोल्ड यांनी १८८४ मध्ये थेट २२० किलोमीटरची स्की शर्यत लावली. ती जिंकली त्याच दोघांपैकी एकानं, एकवीस तासांहून जरा जास्त वेळात. टीकाकारांची तोंडं बंद झाली. नान्सेनला मात्र पुराव्याची गरज नव्हती. स्कीवर माणूस काय करू शकतो हे त्याच्या पायांना माहीत होतं.

आता त्याच्या योजनेतली खरी मेख बघा. त्याच्या आधीचे सगळे लोक ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत जायचे, कारण पश्चिमेला वस्ती होती, अन्न होतं, जहाजं होती. जमलं नाही तर मागे फिरता यायचं, आणि म्हणूनच ते मागे फिरायचे. नान्सेन म्हणाला की आपण पूर्वेकडून निघायचं. पूर्वेला जवळपास काहीच नाही. जहाज सोडून निघून जाणार. जीव वाचवायचा असेल तर पश्चिमेकडे चालत राहणं एवढा एकच रस्ता. कोंढाण्यावर सूर्याजीनं दोर कापून टाकले होते म्हणतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की नान्सेननं दोर लढाई सुरू होण्याच्या आधीच, घरी टेबलावर बसून कापले होते.

नॉर्वेच्या सरकारनं पैसे द्यायला नकार दिला. एका खासगी माणसाच्या सहलीला सरकारी तिजोरीतून कशाला द्यायचे, असा सूर. शेवटी कोपनहेगनचे एक व्यापारी, ऑगस्टिन गामेल, पाच हजार क्रोनर घेऊन उभे राहिले. टीम सहा जणांची. नान्सेन, ऑटो स्वेर्द्रुप, ओलुफ डिट्रिकसन, क्रिस्तियन क्रिस्तियनसेन आणि दोन सामी, सामुएल बाल्टो आणि ओले राव्ना. सामान नान्सेननं स्वतः डिझाइन केलेलं. हलक्या, रुंद धावपट्ट्यांच्या घसरगाड्या आणि कमी इंधनात बर्फ वितळवणारा स्टोव्ह. त्या घसरगाडीची नक्कल पुढे ध्रुवांवर जाणारा प्रत्येक जण करत राहिला. पण एक चूक झालीच. मांस वाळवून केलेल्या पेमिकनमधली चरबी बनवणाऱ्यानं काढून टाकली होती. त्याचे परिणाम पुढे भोगायचे होते.

सुरुवातच वाईट झाली. १७ जुलैला किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर जहाज सोडून ते दोन होड्यांत उतरले. काही तासांत पोचू असा हिशेब. मध्ये बर्फाच्या लाद्या आडव्या आल्या, एक होडी फुटली, आणि प्रवाहानं सगळ्यांना लादीसकट दक्षिणेकडे ओढत नेलं. जवळपास बारा दिवस, साधारण पावणेचारशे किलोमीटर उलट्या दिशेला. एका रात्री त्यांची लादी खुल्या समुद्राच्या लाटांपर्यंत जाऊन पोचली होती. दोघा सामींना वाटलं, आता संपलं, आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. अखेर २९ जुलैला जमीन लागली. मग पुन्हा उत्तरेकडे वल्ही मारत जायचं. प्रत्यक्ष बर्फाची चढाई सुरू झाली १५ ऑगस्टला. तोवर तिथला उन्हाळा संपत आलेला.

पुढचे दिवस एकसारखे. ओढा, खा, झोपा, ओढा. पठार चढत २७०० मीटरच्या वर गेलं. रात्री तंबूत पारा उणे ४० च्याही खाली. दाढ्या टोप्यांना चिकटून गोठायच्या. प्यायला पाणी नाही, कारण बर्फ वितळवायला इंधन लागतं, आणि इंधन मोजून. म्हणून प्रत्येक जण बर्फ भरलेला पत्र्याचा डबा छातीशी कपड्यांत धरून अंगाच्या उबेनं वितळवायचा. चरबीची भूक तर इतकी की रोजच्या वाट्याचं लोणी नुसतं चावून खाताना त्यांना स्वर्ग मिळायचा. सप्टेंबर लागला तशी बर्फाची पोत बदलली आणि स्की पायात चढल्या त्या उतरल्याच नाहीत. वारा पाठीशी आला तेव्हा त्यांनी घसरगाड्या एकमेकींना बांधून त्यावर शीड उभारलं आणि बर्फावरून गलबतासारखे सुसाट निघाले. एकदा तर पुढे मोठी भेग आहे हे अगदी शेवटच्या क्षणी दिसलं.

सप्टेंबरच्या शेवटी पश्चिमेचा उतार लागला. समोर खाडी, पण गाव अजून लांब आणि होडी नाही. नान्सेन आणि स्वेर्द्रुपनी तंबूचं कापड आणि विलोच्या फांद्या शिवून एक डुगडुगती होडी बनवली आणि ते दोघं पुढे गेले. ३ ऑक्टोबरला गोदहॉबला पोचले, म्हणजे आजचं नूक. भेटलेल्या डॅनिश अधिकाऱ्याकडून कळलेल्या पहिल्या काही बातम्यांपैकी एक होती की तुमची डॉक्टरेट मंजूर झाली आहे. इतक्या दिवसांत त्याच्या डोक्यातही तो विषय आला नव्हता.

वर्षातलं शेवटचं जहाज निघून गेलेलं, त्यामुळे हिवाळा तिथेच काढावा लागला. नान्सेननं तो इन्यूट लोकांबरोबर घालवला. कयाक चालवायला शिकला, शिकारीला गेला, त्यांचं खाणं खाल्लं, भाषा थोडी उचलली. नंतर त्यांच्यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात युरोपियन लोकांनी धर्म, दारू आणि व्यापाराच्या नावाखाली या समाजाचं केलेलं नुकसान स्पष्ट मांडलं. १८९१ मध्ये असं लिहिणं सोपं नव्हतं. मे १८८९ मध्ये तो ख्रिस्तियानियाला परतला तेव्हा स्वागताला शहराची साधारण एक तृतीयांश लोकसंख्या रस्त्यावर होती. ती खोटी जाहिरात छापणाऱ्यांचं काय झालं असेल, असा प्रश्न मला उगाचच पडतो.

आणि आता तो भाग, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. १८९० मध्ये ग्रीनलँडच्या प्रवासाचं पुस्तक आलं. साहसाचं वर्णन वाचायला बसलेल्या वाचकाला सुरुवातीलाच एक लांबलचक प्रकरण लागतं ते स्कीच्या इतिहासाचं. म्युझियमवाला माणूस शेवटी म्युझियमवालाच. एखादा जीव समोर आला की हा कुठून आला, याचे नातेवाईक कोण, हे विचारायची त्याला सवय होती. तोच प्रश्न त्यानं लाकडाच्या फळीला विचारला. जुन्या नॉर्स गाथांतले स्कीचे उल्लेख, सहाव्या शतकातल्या ग्रीक लेखकांनी लिहिलेली उत्तरेतल्या घसरत जाणाऱ्या लोकांची वर्णनं, सोळाव्या शतकातली चित्रं, टेलेमार्कच्या शेतकऱ्यांच्या स्की, सामींच्या एक लांब आणि एक आखूड अशा विजोड स्की, हे सगळं त्यानं शेजारी शेजारी मांडलं.

त्याहून भारी गोष्ट म्हणजे त्यानं शब्दांचा माग काढला. स्कीला फिनिश भाषेत सुक्सि म्हणतात. त्याच्याशी मिळताजुळता शब्द पार सायबेरियातल्या एवेन्क लोकांकडे सापडतो. हजारो किलोमीटर लांबच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांच्या तोंडी सारखे शब्द असतील तर वस्तूही एकाच जागेहून पसरली असणार, असं त्याचं म्हणणं. भाषेच्या अभ्यासकांची मदत घेऊन तो या निष्कर्षाला आला की स्कीचं मूळ घर नॉर्वे असायची शक्यता कमी, ते मध्य आशियात, अल्ताई पर्वत आणि बैकाल सरोवराच्या आसपास असावं. लक्षात घ्या, नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाखाली होता, स्वतःची ओळख शोधत होता आणि स्की ही त्या ओळखीची मानाची गोष्ट होत चालली होती. अशा वेळी देशाच्या लाडक्या हिरोनं आपली स्की बाहेरून आली असं लिहायचं, म्हणजे आपल्याकडे एखाद्यानं पुरणपोळीचं माहेर दुसरीकडे दाखवण्यासारखंच. त्याचा सिद्धांत आज जसाच्या तसा कुणी मानत नाही. उत्तर रशियातल्या दलदलीत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे स्कीचे तुकडे सापडले, अल्ताईचा दावा करणारे अजून दावा करतात, वाद चालू आहे. पण स्कीबद्दल पुरावा मागायची सवय त्या प्रकरणानं लावली.

त्या पुस्तकानं आणखी एक गडबड केली. तोवर आल्प्समधले लोक हिवाळ्यात घरात बसून असायचे. पुस्तकाचं जर्मन भाषांतर वाचून ऑस्ट्रियातल्या मातियास झदार्स्की नावाच्या माणसानं नॉर्वेहून स्की मागवल्या, त्या आपल्या उभ्या उतारांवर चालेनात म्हणून कापून आखूड केल्या आणि नवं बाइंडिंग बनवलं. आल्प्समधल्या स्कीइंगची सुरुवात सांगताना त्याचं नाव टाळता येत नाही. आज गुलमर्गला किंवा औलीला जाऊन तुम्ही भाड्यानं ज्या स्की घेता, त्यांच्या खापरपणजोबांपैकी एक तिथे आहे. गंमत म्हणजे नान्सेनला स्वतःला पुढे स्पर्धा, विक्रम, बक्षिसं यांचा कंटाळा आला. स्की हे जंगलात एकट्यानं जायचं साधन आहे आणि स्टेडियममध्ये ते वाया जातं, असं त्याचं मत होत गेलं. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. तरुणपणी स्पर्धा जिंकून झाल्यावर असं म्हणणं सोपं असतं!

त्याच वर्षी, म्हणजे १८८९ मध्ये, दोन गोष्टी झाल्या. युनिव्हर्सिटीच्या प्राणिसंग्रहाचा क्युरेटर म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि एव्हा सार्सशी लग्न झालं. एव्हा गायिका होती आणि उत्तम स्की करायची. दोघांची पहिली भेट कशी झाली माहितेय? स्कीला गेला असताना नान्सेनला बर्फातून वर आलेले दोन पाय दिसले. कुणीतरी उलटं घुसलं होतं. त्यानं ओढून काढलं, ती एव्हा निघाली.

क्युरेटरच्या खुर्चीत तो फार टिकणार नव्हता. १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला एक अमेरिकन जहाज बर्फात चिरडून बुडालं होतं. तीन वर्षांनी त्याचे अवशेष थेट ग्रीनलँडच्या किनाऱ्याला लागले. म्हणजे आर्क्टिकचा बर्फ स्थिर नाही, वाहतोय. मग आपणच मुद्दाम जहाज बर्फात अडकवून घेतलं तर? तज्ज्ञांनी पुन्हा वेड्यात काढलं. यावेळी मात्र सरकारनं पैसे दिले. कॉलिन आर्चर यांनी फ्राम नावाचं जहाज बांधलं. पोट गोल आणि गुळगुळीत, त्यामुळे बर्फानं दाबलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जायचं. बोटांत दाबलेली ओली चिंचोक्याची बी कशी सटकते, तसं. जून १८९३ मध्ये तेरा माणसं निघाली, सप्टेंबरमध्ये फ्राम बर्फात अडकलं आणि ठरल्याप्रमाणे वाहायला लागलं.

पण ध्रुवापर्यंत काही पोचेना. नान्सेनचा धीर सुटला. मार्च १८९५ मध्ये तो यालमार योहान्सेनला घेऊन, २८ कुत्री, घसरगाड्या आणि दोन कयाक घेऊन, स्कीवर ध्रुवाकडे निघाला. पुन्हा तेच. जहाज वाहत राहणार, त्यामुळे परत जाणं शक्य नाही. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत, म्हणजे तोवर कुणीही न गेलेल्या ठिकाणी जाऊन त्यांनी तोंड दक्षिणेकडे वळवलं. अन्न संपत गेलं तसं एकेक कुत्रं मारून बाकीच्यांना घालत गेले. हा भाग वाचवत नाही, त्यांना करवतही नव्हता. एकदा दोन्ही कयाक दोर सुटून वाहून जायला लागले. त्यांवर सगळं सामान. नान्सेननं बर्फाळ पाण्यात उडी मारली आणि हातपाय बधिर होईपर्यंत पोहून ते परत आणले.

फ्रान्झ योसेफ लँडच्या एका बेटावर दगड, शेवाळ आणि वॉलरसच्या कातड्याचं बिळासारखं घर करून त्यांनी नऊएक महिने काढले. खायला सकाळ-संध्याकाळ अस्वल. एका झोपायच्या पिशवीत दोघं. आणि तरी ते एकमेकांना अहो-जाहो करत होते! नववर्षाच्या रात्री नान्सेननं सुचवलं की आता आपण अरे-तुरे म्हणायला हरकत नाही. नाताळ साजरा केला तो अंगातला शर्ट उलटा करून. तुम्हाला रूममेटबरोबर महिना काढणं जड जातं, तेव्हा हे दोघं आठवा. उपासमारीची ही गोष्ट वाटेल, पण नान्सेनचं वजन त्या काळात दहा किलो वाढलं.

जून १८९६ मध्ये योगायोगानं फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज प्रवासी भेटला आणि ते वाचले. १३ ऑगस्टला ते नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले, आणि त्याच दिवशी, कुणालाही कल्पना नसताना, फ्राम बर्फातून सुटलं. तेराच्या तेरा माणसं जिवंत. योहान्सेनची पुढची गोष्ट मात्र दुःखी आहे. पुढे अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत त्याचं बिनसलं, त्याला डावललं गेलं, आणि १९१३ मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. नान्सेनच्या वाट्याला पुतळे आले. बर्फावर पिशवी दोघांची होती.

या प्रवासातून विज्ञानाला काय मिळालं, तर आर्क्टिक हा उथळ नसून ३००० मीटरहून खोल समुद्र आहे हे कळलं. वाऱ्यानं ढकललेला बर्फ सरळ न जाता उजवीकडे झुकतो, हे नान्सेननं टिपलं. त्याचं गणित तरुण स्वीडिश वॉल्फ्रिड एकमननं मांडलं. भूगोल किंवा समुद्रशास्त्र शिकणाऱ्यांनी एकमन स्पायरल पाठ केलं असेल, ते हेच. आपल्या अरबी समुद्रात पावसाळ्यात खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि मासळी पोसते, त्यामागचं सूत्रही याच घराण्यातलं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्यात नान्सेन पुढे होता. मग लंडनमध्ये नॉर्वेचा पहिला राजदूत झाला आणि तिथे कंटाळला. १९०७ च्या डिसेंबरात एव्हा न्यूमोनियानं गेली. तो परतीच्या वाटेवर असतानाच. नंतर एक मुलगाही गेला. दक्षिण ध्रुवावर जायचं त्याचं स्वतःचं स्वप्न होतं, पण त्यानं फ्राम अमुंडसेनला दिलं.

साठीकडे झुकल्यावर माणसं निवृत्तीचं बघतात. नान्सेनला १९२० मध्ये राष्ट्रसंघानं विचारलं की पहिल्या महायुद्धाचे लाखो कैदी अजून परक्या छावण्यांत सडतायत, त्यांना घरी नेता का? पैसा जवळपास नाही, रशियाच्या नव्या सरकारशी बोलायला कुणी तयार नाही. दोन वर्षांत त्यानं चार लाखांहून अधिक माणसं घरी पोचवली. मग व्होल्गाकाठी दुष्काळ पडला. राष्ट्रसंघाकडे त्यानं मदत मागितली ती नाकारली गेली, कारण बोल्शेविकांना मदत होईल अशी भीती. अमेरिकेत धान्य जास्त झालंय आणि इकडे पोरं मरतायत, हे त्याला सहन झालं नाही. तो शहराशहरांत फोटो दाखवत पैसे गोळा करत फिरला.

आणि सगळ्यात साधी, सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक कागद. सोव्हिएत सरकारनं देश सोडून गेलेल्या लाखोंचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. पासपोर्ट नाही म्हणजे सीमा ओलांडता येत नाही, नोकरी नाही, राहायला जागा नाही. तुम्ही आहात, पण कागदोपत्री नाही. कॉलेजच्या एका दाखल्यासाठी ज्यानं खिडक्या पालथ्या घातल्यात त्याला याची पुसटशी कल्पना येईल. १९२२ मध्ये नान्सेनच्या पुढाकारानं अशा लोकांसाठी एक ओळखपत्र तयार झालं. लोकांनी त्याला नान्सेन पासपोर्ट हेच नाव दिलं. पन्नासच्या वर देशांनी ते मान्य केलं, साडेचार लाखांच्या आसपास लोकांना मिळालं. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल, नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हा, लेखक नाबोकोव्ह, हे सगळे कधी ना कधी त्या कागदावर जगले. बाकीचे लाखो बिननावाचे शिंपी, टॅक्सीवाले, धुणं धुणाऱ्या बायका.

त्याच वर्षी नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पैसे त्यानं मदतकार्यातच घातले. पण त्याचं सगळंच गोड होतं असं नाही. ग्रीस आणि तुर्कस्तानमधली लाखो माणसं धर्म बघून इकडून तिकडे हलवायची, या करारामागे त्याचाही हात होता. कत्तली थांबवायला दुसरा उपाय दिसत नाही, असा त्याचा हिशेब. पिढ्यानपिढ्यांची घरं सक्तीनं सोडावी लागलेल्यांना तो हिशेब कसा पटावा? फाळणी माहीत असलेल्या आपल्याला यावर सहज हो किंवा नाही म्हणता येत नाही. आर्मेनियन निर्वासितांसाठी पाणी आणून जमीन वसवायची योजना घेऊन तो शेवटपर्यंत सरकारांची दारं ठोठावत राहिला. त्या दारांनी त्याला काही दिलं नाही. बर्फ तरी पायाखाली कधीकधी हलायचा.

१३ मे १९३० ला ऑस्लोजवळच्या पुलहोग्दा या आपल्या घरी तो गेला. अंत्यसंस्कार झाले १७ मेला, नॉर्वेच्या संविधान दिनी. धार्मिक विधी नाहीत. रक्षा घराच्या आवारातल्या एका झाडाखाली ठेवली. फ्राम आज ऑस्लोत एका इमारतीच्या आत उभं आहे, तुम्ही चढून केबिनमध्ये डोकावू शकता. होल्मेनकोलेनच्या स्की म्युझियममध्ये, उडीच्या त्या प्रसिद्ध उताराच्या पायथ्याशी, त्याच्या ध्रुवीय मोहिमांचं सामान मांडलेलं आहे. म्युझियम उघडलं १९२३ मध्ये, तो हयात असताना. त्या वर्षीही तो बहुतेक वेळ रेल्वेत होता, जिनिव्हाकडे जाताना किंवा जिनिव्हाहून येताना.